बीपीचा हात

आजार माझ्या आईचा आहे आणि लिहितो आहे मी, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, आणि कॉलेजच्या परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मोठं असं काही कधी लिहिलेलं नाही. गडचिरोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांची समजूत आहे की मला सगळं येतं. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, कागद दिसला की माझ्याकडे सरकवतात. हे कामही तसंच सरकवलेलं आहे. आई म्हणाली, "मले लिवता येत असतं तं मीच लिवलं असतं. तू लिव. पण खोटं लिवू नको, अन् मले लय बिचारी दाखवू नको."

तेव्हा तिला बिचारी न दाखवता सांगायचा प्रयत्न करतो. आमच्यासारख्या एखाद्या घरात हे वाचून कुणी आपला दुसरा हात पुढे केला, तर एवढं धाडस केल्याचं मला वाईट वाटणार नाही.

बांधीतली सवय

आमचं गाव कुरखेड्यापासून आत, जंगलाला लागून आहे. धानाचं गाव. पावसाळ्यात धानाची रोपं उपटून चिखलात लावतात, त्याला आम्ही रोवणा म्हणतो. बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत रोवत जातात. डाव्या हातात रोपांची पेंडी, डावं कोपर गुडघ्यावर टेकलेलं, आणि उजवा हात पेंडीतून दोनचार रोपं ओढून चिखलात खुपसतो. माझी आई, लीलाबाई, ओळीच्या टोकाला असायची. टोकाची बाई जसा हात चालवते, तशी सगळी ओळ चालते. गावात तिचा हात प्रसिद्ध होता. तिच्या ओळीत उभं राहायला नव्या सुना घाबरायच्या.

आमच्या उपकेंद्राच्या सुनंदा सिस्टर बीपीचं मशीन पिशवीत घालून घरोघर फिरतात. पण रोवण्याच्या दिवसांत घरी कुणी सापडत नाही, म्हणून त्या बांधीवरच, म्हणजे धानाच्या शेतातच यायच्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लास्टिक अंथरून बसायच्या आणि एकेका बाईला हाक मारायच्या. आता चिखलातून वर आलेल्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत माखलेला असतो. डावा त्या मानानं स्वच्छ. म्हणून सगळ्या बाया पेंडी खाली ठेवून डावा हात पुढे करायच्या. सिस्टरचा पट्टाही खराब होत नसे, आणि हात धुण्यात वेळही जात नसे.

यात कुणाची चूक म्हणावी? पुढे हीच सवय होऊन गेली. विहारात आरोग्य शिबिर असलं, तिथे कुणाच्याच हाताला चिखल नसला, तरी आमच्या गावच्या बाया डावाच हात पुढे करायच्या. गावात त्याला नावच पडलं होतं, बीपीचा हात. आईच्या बीपीच्या हातात दर वर्षी आकडा चांगला यायचा. सिस्टर म्हणायच्या, "लीलाबाई, एकदम फर्स्टक्लास." आई ओळीत परत जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "ऐकलं का वं? फर्स्टक्लास."

पेंडी पडायला लागली

दोन वर्षांपूर्वीच्या रोवण्यात तिच्या हातातून पेंडी पडायला लागली. अर्धी ओळ झाली की डावा हात दगडासारखा जड व्हायचा. बोटांना मुंग्या यायच्या. कधी डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग ती हात खाली सोडून उभी राहायची, आणि थोड्या वेळानं सगळं ठीक व्हायचं. बायांनी चिडवायला सुरुवात केली.

"लीलाबाई, पेंडी झोपली का तुज्या हातात?"

"तुले काऊन घाई? तुजा नवरा वाट पाहून राह्यला का घरी?" आई तिथल्या तिथे परतवायची.

पण मागच्या वर्षीच्या रोवण्यात ती टोक सोडून ओळीच्या मध्यभागी आली. कुणाला काही न सांगता. पेंडी हातात न धरता कमरेला पदरात खोचून घ्यायला लागली. मी सुटीत घरी आलो तेव्हा बाबांनी मला एवढंच सांगितलं, "तुजी आई मधात रोवते आता." बाबा फार बोलत नाहीत. ते एवढं बोलले म्हणजे त्यांना काळजी वाटत होती, हे मला समजायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट आई पुढे दवाखान्यात सांगणार होती. विहारात वंदनेला हात जोडले की एक हात गरम आणि एक थंड लागायचा. कितीतरी दिवसांपासून. तिला वाटायचं, सगळ्यांचंच तसं असतं.

विळा

धान कापणीला आलं. कापताना डाव्या हातानं ताटं धरतात आणि उजव्या हातातला विळा चालवतात. आईच्या डाव्या हातानं मुठीतली ताटं अर्ध्यात सोडली, आणि विळा तिच्याच बोटांवर आला. जखम फार खोल नव्हती. ती उपकेंद्रात गेली. सुनंदा सिस्टरनी मनगटापर्यंत पांढरी पट्टी बांधली. मग त्यांच्या कामाच्या शिस्तीप्रमाणे त्या म्हणाल्या, "लीलाबाई, आलाच आहात तं बीपी पाहून घेऊ."

बीपीचा हात तर पट्टीत होता. म्हणून आईनं पहिल्यांदा उजवा हात पुढे केला.

मशीननं एकशे ब्याऐंशी दाखवलं. सिस्टरनी पुन्हा पाहिलं. जवळपास तेवढंच. त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा लावून पाहिलं, मशीन बरोबर होतं. तोपर्यंत आई त्यांना समजावून सांगत होती, "सिस्टर, हा कामाचा हात आहे. इळा चालवते, कुऱ्हाड चालवते. त्याचं बीपी वाढणारच. बीपीचा हात तो आहे, तो पट्टीतला."

सिस्टर हसल्या नाहीत. पट्टी मनगटापर्यंतच होती, दंड मोकळा होता. त्यांनी पट्टा डाव्या दंडाला गुंडाळला. एकशे चोवीस. त्यांनी आईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि बाबांना फोन केला, "भाऊ, उद्या लीलाबाईले कुरखेड्याले घेऊन या. मी पण येते."

बाबांनी मला फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुज्या आईचे दोन बीपी निघाले." मी वर्गातून उठून बाहेर आलो होतो. त्याचा अर्थ काय, हे मला कळेना. सारखं मनात येत होतं की एक बीपी तरी खोटं असेल. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो.

तलाव आणि पाट

कुरखेड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मावसबहिणीएवढ्या असतील. त्यांनी आईची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात घेतली, डोळे मिटले आणि काही वेळ तशाच बसल्या. मला वाटलं त्या प्रार्थना करतायत. मग त्या म्हणाल्या, "उजवी नाडी जोरात लागते. डावी लागतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि लागते ती उशिरा लागते."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी नळी छातीजवळच अरुंद झाली असावी. म्हणून त्या हातात रक्त कमी जातं, दाब कमी येतो आणि हात थकतो. खरा दाब उजव्या हातातला. म्हणजे आईला कितीतरी वर्षांपासून बीपी होतं आणि आम्ही चांगला आकडा पाहून खूश होतो. पुढची गोष्ट त्यांनी बाबांकडे वळून सांगितली. एका ठिकाणी नळी अरुंद होते, तेव्हा हृदयाकडे, मेंदूकडे जाणाऱ्या नळ्याही अरुंद होत असू शकतात. दोन हातांतला एवढा फरक ही एक सूचना असते. नागपूरला जाऊन सगळं तपासावं लागेल.

मग बाबा, जे दवाखान्यात शिरल्यापासून गमछा चुरगाळत उभे होते, ते म्हणाले, "म्हणजे पाटात गाळ साचला. अन् आमी त्या पाटावरची बांधी पाहून म्हणत होतो, तलावात पाणी कमी आहे. अन् तलाव तं पाळीवरून फुटाले आला."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"मंग पाळ फुटाच्या आधी कळलं, हे चांगलंच झालं न," आई म्हणाली. तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला धीर आला. ती शांतता वरवरची होती, हे मला नंतर कळलं.

बाहेर चहाच्या टपरीवर बाबा पैसे द्यायला गेले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "नित्या, हात कापतात का रे?"

आमच्या गावात एका म्हाताऱ्याचा शुगरमुळे पाय कापला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात रक्त न पोचणं म्हणजे कापणं असं बसलेलं होतं. मी म्हटलं, "नाही कापत. नळी मोकळी करतात."

"तुले पक्कं माईत आहे?"

मला पक्कं माहीत नव्हतं. मी परत आत गेलो आणि मॅडमना विचारून आलो. "नाही कापत," मी म्हटलं. मग तिनं चहा प्यायला.

खर्रा

घरातलं खरं भांडण आजारावरून झालं नाही, खर्र्यावरून झालं. बाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी आणि तंबाखू चुन्यात घोटून खर्रा करतात. आमच्याकडे तो पुरुष खातात, बायाही खातात. मॅडमनी तो बंद म्हणून सांगितला होता.

बाबा घरी आल्या आल्या ओरडले, "तुले किती वेळा सांगितलं वं, खर्रा कमी कर म्हणून!"

"सांगणार कोण? घोटून देणार कोण?" आई म्हणाली.

हे खरं होतं. संध्याकाळी काम आटोपलं की दोघं दाराच्या पायरीवर बसायचे. बाबा प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटायचे, अर्धा तिला द्यायचे. बोलायचे नाहीत फारसं. त्यांचं एकमेकांशी बसणं असं तेवढंच होतं. खर्रा बंद झाला आणि ते बसणंही बंद झालं. बाबा विहाराकडे जायला लागले, आई चुलीजवळ बसून राहायला लागली. दोघंही माझ्याशी बोलायची, एकमेकांशी नाही. त्या दिवसांत मला आजारापेक्षा त्या रिकाम्या पायरीची जास्त भीती वाटली.

मग एका संध्याकाळी बाबा बाजारातून फुटाणे घेऊन आले. पायरीवर बसले, फुटाणे तळहातावर घेतले आणि खर्रा घोटतात तसेच अंगठ्यानं चोळू लागले. सालं निघाली, त्यांनी फुंकर मारली आणि अर्धे फुटाणे बाजूला धरले. आई काही वेळ दारातून पाहत राहिली.

"अजी, मीठ तं नाई न लावलं? मॅडमनं मीठ कमी सांगितलं आहे."

"बिनमिठाचे आणले," बाबा म्हणाले. "अन् मी पण सोडला."

ती जाऊन बसली. आजही ते दोघं पायरीवर फुटाणे खातात. बाबांचं मधूनमधून बाहेर काही चालतं असा आईला संशय आहे. मी त्यात पडत नाही.

नागपूर

दवाखान्यात माणूस आपला राहत नाही असं लोक म्हणतात. आम्हाला मात्र तिथे माणसं भेटली. आईच्या शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक बाई होती. तिला तेलुगूच यायचं, आणि तिची सून दुपारी जेवणाच्या वेळेपुरतीच यायची. त्या दोघी दिवसभर बोलायच्या. ही आमच्या झाडीबोलीत, ती तेलुगूत. आईला तोपर्यंत सगळ्यांचे हात धरून पाहायचा नाद लागला होता. तिनं त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि जाहीर केलं, "इचे सारखे आहेत." ती बाई हसली आणि तिनंही आईचे धरून पाहिले. डावा लागताच तिचं हसू थांबलं. मग तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली. तपासणीला नेईपर्यंत रोज चोळत असे. त्यानं नळी मोकळी होत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सकाळी वॉर्डातल्या सिस्टर यायच्या, रक्त घ्यायच्या, मग मोठे डॉक्टर यायचे, मग वाट पाहणं. आईला तपासण्यांची भीती वाटली नाही, लिफ्टची वाटली. दार बंद झालं की ती माझी बाही धरायची. "जिन्यानं जाऊ न बाप्पा," प्रत्येक वेळी म्हणायची.

एका सकाळी तिला आत नेलं. मांडीजवळून बारीक नळी घालून, हाताच्या नळीची अरुंद जागा फुगवून, तिथे जाळीची लहान नळी बसवायची, आणि त्याच वेळी हृदयाच्या नळ्या पाहून घ्यायच्या असं ठरलं होतं. पूर्ण भूल देणार नव्हते, ती शुद्धीतच असणार होती. आत जाताना ती म्हणाली, "तुमी दोघं काई खाऊन घ्या." आम्ही काही खाल्लं नाही. बाबा बाकावर बसून आपलेच दोन्ही हात पुन्हा पुन्हा जोडून पाहत होते. मी विचारलं तर म्हणाले, "माजे सारखेच आहेत. काऊन तिलेच झालं?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

डॉक्टर बाहेर आले. हाताची नळी मोकळी झाली होती. हृदयाच्या एका नळीला थोडं अरुंदपण होतं, पण ते गोळ्यांवर सांभाळता येईल म्हणाले. वेळेवर आलात, हेही म्हणाले. हाताची ती नळी पुन्हा अरुंद होऊ शकते, म्हणून मधूनमधून दाखवत राहा. गोळ्या कायमच्या. डाव्या हातानं जोराचं काम लगेच नको, रोवण्याआधी कुरखेड्याला दोन्ही हात तपासून मगच ठरवा.

आईला वॉर्डात आणलं तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर डावा हात उचलून माझ्या गालाला लावला.

"कसा लागते?"

गरम होता. मी मान हलवली.

"मंग आता काऊन रडून राह्यला? सिरोंचावाल्या बाईले दाखव," ती म्हणाली.

बातमी

त्यानंतरचे महिने चांगले गेले. आई मोहफुलं वेचायला गेली, पण टोपलं बाबांनी उचललं. रोज सकाळी गोळी घेताना ती गोळीला शिव्या देते आणि घेते. गावात तिला आता बीपीचं सगळं कळतं असा समज झाला आहे, आणि तिनंही तो खोडलेला नाही. पण रोवणा जवळ आला तशी ती गप्प व्हायला लागली. ओळीच्या मध्यभागी उभं राहायला तिची हरकत नव्हती, असं ती म्हणायची. मी तिचा मुलगा आहे, मला कळत होतं.

कुरखेड्याची तपासणी ठरली त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. मी गडचिरोलीत. पाऊस सुरू झाला, आमच्या रस्त्यावरचा नाला भरला आणि गावचा टॉवर बंद पडला. बाबांचा फोन लागेना, सिस्टरचा लागेना. तपासणीला जाता आलं की नाही, नळी मोकळी आहे की नाही, काहीच कळत नव्हतं. मी पेपर लिहायचो आणि होस्टेलला येऊन फोन लावायचो. मित्र म्हणायचे, वाईट बातमी लवकर येते. मला तेवढा भरवसा नव्हता. नाला भरलेला असताना वाईट बातमीसुद्धा पलीकडेच थांबते.

शेवटच्या पेपरच्या दिवशी पाऊस उघडला. दुपारी होस्टेलच्या फाटकाजवळ सुनंदा सिस्टर छत्री घेऊन उभ्या होत्या. सकाळी नाला उतरताच जिल्ह्याच्या बैठकीला आल्या होत्या. त्यांना पाहून माझे पाय जागेवरच थांबले.

"असा काऊन उभा राह्यला?" त्या म्हणाल्या. "तुज्या आईनं निरोप देल्ला. आधी पाणी दे मले."

मी पाणी आणलं. त्यांनी सावकाश प्यायलं.

"नाला भरायच्या आधीच जाऊन आलो आमी कुरखेड्याले. उजव्यात एकशे चौतीस, डाव्यात एकशे तीस. मॅडमनं दोनी मनगटं धरून पाह्यली. म्हणे, रोवा, पण दमानं."

त्यांनी छत्री मिटवली.

"परवा मी बांधीवर गेली. तं तुजी आई टोकाले. पेंडी डाव्या हातात. मी धुऱ्यावर प्लास्टिक टाकलं अन् हाक मारली, लीलाबाई, या. तं ते म्हणते, थांबा सिस्टर. अन् ओळीतल्या साऱ्या बायाइले घेऊन पाटावर गेली." सिस्टर हसायला लागल्या. "मी मशीन घेऊन बसली आहो, अन् ह्या साऱ्या जणी पाटात दोन-दोन हात धुऊन राह्यल्या."